पूजेला बसलेला भोंगा

करकंबला मी हौसेने गेलो नव्हतो आणि ही हकिकतही हौसेने लिहीत नाही. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी माणिकशेठच्या मोटारीचं नाव कुणी काढलं की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. बायको म्हणते, लिहून टाका एकदा, म्हणजे डोकं थंड होईल. होईल असं मला वाटत नाही. पण ज्यांनी ती वाट पाहिलेली नाही आणि पुढेमागे सर्व्हिस मोटारीने तिकडे जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे वाचलेलं बरं.

काम साधं होतं. माझी धाकटी बहीण वत्सला करकंबला दिली आहे. तिला बाळंतपणासाठी सोलापूरला आणायचं होतं. साधं म्हणतो, पण तसं ते साधं नव्हतं. मागच्या खेपेला तिला असंच माहेरी आणत होते, तेव्हा बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी दणकन आदळली आणि मोडनिंब यायच्या आतच तिचं पहिलं पोर गेलं. तेव्हापासून आमच्या आईने बैलगाडीचं नाव टाकलं आहे. रेल्वेने यायचं म्हणजे मोडनिंबला छोट्या गाडीत चढायचं, कुर्डुवाडीला उतरायचं आणि मोठ्या गाडीसाठी फलाटावर ताटकळायचं. तेही नको झालं. मोटार बरी, रबराच्या चाकांची, असं ठरलं. निघताना आई मला म्हणाली, "भरलेली घागर डोक्यावर घेऊन येतात ना, तशी आण तिला. थेंब सांडलास तर माझ्या दारात येऊ नकोस." आमची आई असंच बोलते.

त्यातून वत्सलाच्या सासरी एक नियम आहे. आठवा महिना लागला की बाईने गावची वेस ओलांडायची नाही. तिला आठवा लागत होता दसऱ्याच्या दिवशी, आणि मला गिरणीच्या कचेरीतून रजा मिळाली ती दसऱ्याला लागून. म्हणजे खंडेनवमीला तिला घेऊन निघणं भागच होतं.

जाताना

सोलापूरकराला भोंग्याचं कौतुक कुणी सांगू नये. आमचा दिवस गिरणीच्या भोंग्याने उगवतो. तो झाला की अर्धं गाव अंथरुणातून उठतं, दुसरा झाला की चपला शोधतं आणि तिसऱ्याला पळत सुटतं. भोंग्याला अर्थ असतो, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. त्यामुळे माणिकशेठच्या मोटारीत बसल्यावर पहिल्या मैलातच माझं डोकं उठलं.

मोटार जुनीच होती. कुठल्याशा साहेबाने वापरून टाकलेली. माणिकशेठ करकंबचे, अडतीचा धंदा करून गब्बर झालेले. त्यांनी ती विकत घेऊन मागे बाकं ठोकली आणि करकंब ते सोलापूर अशी सर्व्हिस सुरू केली. पुढे दोन मोठे पितळी दिवे, कार्बाइडचे. पाणी ठिबकलं की आत ग्यास होतो आणि फुस्स करून पांढराशुभ्र उजेड पडतो. बाजूला पितळेचा भोंगा आणि त्याला पपईएवढा रबरी फुगा. चालवणारा कासीमभाई, सोलापूरचाच. गडी स्वभावाने चांगला, पण फुगा हातात आला की त्याच्या अंगात यायचं.

विहिरीवर मोट चालली असेल, तिला भोंगा. ओळखीचा वाणी दुकानात बसलेला दिसला, भोंगा. बाभळीवर कावळा बसला होता, त्यालाही भोंगा. एक बैलगाडी पुढे चालली होती. तिच्या अगदी मागे, बैलांच्या शेपटाला लागेल इतकी मोटार नेऊन त्याने असा पोंगाट केला की बैल बिथरले आणि गाडी घेऊन तुरीच्या रानात शिरले. गाडीवान दांड्याला धरून लोंबकळत ओरडत होता आणि आमची सगळी मोटार पोट धरून हसत होती. मी कासीमभाईला म्हणालो, "अहो, लांबून एकदा वाजवा, त्याला बाजूला व्हायला वेळ द्या. हे काय चाललंय?"

तो हसून म्हणाला, "बजाया नै तो मालूम कैसा होना साब, अपन आये करके?"

मोहोळला तर त्याने भर दुपारी कार्बाइडचे दिवे पेटवले. का, तर तिथल्या एका हॉटेलवाल्याच्या मेव्हण्याने ते पाहिलेले नव्हते. मेव्हणा उन्हात डोळे बारीक करून बघत उभा राहिला आणि "लई भारी" म्हणाला. आमची तितकी अर्धी घटका गेली. मी मनात म्हटलं, चालायचंच. निदान दिवे आहेत, भोंगा आहे, येताना उपयोगी पडतील. माझ्यासारखा मूर्ख मीच.

करकंब

गाव मोठं आहे. बाजार भरतो तेव्हा आपल्या मंगळवार पेठेला लाजवेल अशी गर्दी होते, फक्त आपल्याकडे कापडाचे ठाण तर तिथे मिरच्यांचे ढीग, बैल आणि गूळ. वत्सलाच्या सासरी पंचवीसेक माणसं एका चुलीवर जेवतात. नवरात्र असल्यामुळे देव्हाऱ्यात घट बसलेला, त्यातलं धान हाताएवढं वाढून पिवळं पडलेलं. निम्मं घर उपाशी आणि उरलेलं निम्मं त्यांच्या वाटणीचंही खाणारं. मी दुसऱ्या पक्षात होतो. नव्या बाजरीची भाकरी, उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, वर घाण्याचं तेल, आणि सकाळी शेंगापोळी. शेंगापोळी आम्हीही करतो, पण आमची कागदासारखी आणि नाजूक. तिथली हातभर जाड, आणि एक खाल्ली की उठताना भिंतीला धरावं लागतं. पाहुण्याने नको म्हटलं तर ते ऐकायचं नाही, ही तिथली रीत. मी तोंडाने नको म्हणत होतो आणि हाताने ताट झाकत होतो, तर वत्सलाच्या सासूबाईंनी माझ्या बोटांवर तूप वाढलं.

वत्सला गप्प असायची. लग्नाआधी ही पोरगी आमच्या आळीत सगळ्यांत मोठ्याने बोलायची. आता चालताना एक हात सारखा पोटावर. अंगणातला उंबरा ओलांडतानासुद्धा आधी पायाने चाचपायची. मला एकट्याला गाठून म्हणाली, "दादा, मोटार आदळत नाही ना?"

"नाही गं. लोण्यावरून गेल्यासारखी जाते," मी म्हणालो.

"मग बरं. हे गेलं तर मी काही परत यायची नाही हं." एवढं म्हणून ती कढी ढवळायला निघून गेली. कुठे परत यायची नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खंडेनवमी

खंडेनवमीला आपल्याकडेही हत्यारांची पूजा होते. गिरणीत त्या दिवशी माग धुऊन पुसून हार घालतात. सुतार पटाशी पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, शेतकरी नांगराला कुंकू लावतो. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही, त्याला त्या दिवशी विश्रांती. रीत सुंदर आहे. माझं तिच्याशी काही भांडण नाही. माझं भांडण माणिकशेठशी आहे.

जेवणं उरकून आम्ही चावडीपुढे मोटारीजवळ आलो. मोटार नवरीसारखी सजवली होती. चारी कोपऱ्यांना ऊस बांधलेले, टपाभोवती झेंडूच्या माळा, चाकांना हळदीकुंकू. मी वत्सलाला धरून पुढच्या बाजूने आलो आणि जागीच थांबलो. दिव्यांच्या जागी दोन लोखंडी पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. भोंगा नव्हता. फुगाही नव्हता.

"कासीमभाई, दिवे कुठे गेले?"

"पूजा में बिठाया साब," तो अभिमानाने म्हणाला. "मैं खुद चिंच लगाके घासा. ऐसे चमकरे, तुम देखो तो!"

शेजारीच माणिकशेठचं घर होतं. तिथे मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. देवघरात चौरंग मांडलेला, त्यावर तांदळाची रास, राशीवर दोन दिवे आणि मधे भोंगा. फुग्याला हळदीची बोटं ओढलेली. भोंग्याच्या तोंडात जास्वंदीचं फूल. आणि त्या दोन थंड, विझलेल्या दिव्यांपुढे एक समई तेवत होती! दिव्याला उजेड दाखवायला दिवा!

माणिकशेठ रेशमी सोवळं नेसून पानसुपारी करत होते. मी म्हणालो, "शेठ, हे उतरवा. मोटार निघायची आहे."

"पुजलेलं हत्यार हलवायचं कसं, पाव्हणं?"

"मग मोटार बंद ठेवा."

"आन् सणाची मान्सं हितं आडकून ठिवू व्हय? उद्याच्याला दसरा. सगळ्यास्नी घरला जायाचंय की."

"अहो, मोटारीला विश्रांती द्यायची तर सगळ्या मोटारीला द्या. तुम्ही तिचे डोळे नि तोंड तेवढं पूजेला बसवलंत आणि पाय पळवायला निघालात!"

त्यांनी मला समजावलं, जसं वेड्याला समजावतात तसं. मोटार ही जनावरासारखी, तिचं हत्यार म्हणजे दिवे आणि भोंगा. हत्यार पुजलं की झालं, मोटार चालवायला दोष नाही. ही तोड म्हणे त्यांनी स्वतः काढली होती आणि गावात सगळ्यांना पसंत पडली होती. पसंत न पडायला काय झालं? धर्मही राखला आणि भरलेली मोटारही राखली!

तोवर बाकीचे उतारू भोवती जमले होते. फेटा बांधलेला एक जण म्हणाला, "तुमी बी दौत-लेखणी पुजताच की. त्या दिशी लिवता का?"

"नाही लिहीत," मी ओरडलोच. "म्हणूनच सांगतोय! न्हावी वस्तरा पूजेला ठेवतो, तेव्हा दातांनी दाढी करत बसत नाही. घरी बसतो!"

हसले सगळे, पण माझ्या बाजूने एकही झाला नाही. कासीमभाईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "सालभर रोटी देता ना साब ये भोंगा. एक दिन तो आराम होना की नै?" त्या माणसावर रागावणंसुद्धा अवघड. त्याचा देव नव्हता, सण नव्हता, तरी चिंच लावून घासणारा तोच.

माणिकशेठ म्हणाले, "दिस हाय तवर सोलापुरात पोचाल. उजेडात दिवं कशापायी? आन् भोंग्याचं म्हनाल, तर मान्सं वरडतील की."

मी परत फिरायला निघालो. वत्सलाने माझी बाही धरली. हळू म्हणाली, "दादा, आज नाही तर मग नाहीच. उद्या सासूबाई वेस ओलांडू देणार नाहीत. मला इथे नको रे. मागच्या वेळी मी याच घरात पडून होते." तिच्या तोंडाकडे पाहून मी मागे वळलो. मी तिला पुढच्या बाकावर, कडेला उशी देऊन बसवलं आणि देवाचं नाव घेतलं. माणिकशेठचंही घेतलं, पण ते वेगळ्या शब्दांत.

वाटेत

दिवस असेपर्यंत पोचायचं होतं ना? पहिल्याच वस्तीवर मोटार थांबली. माणिकशेठची मोटार सजून आली म्हणून तिथल्या लोकांनी नारळ फोडला. पुढच्या गावात सुवासिनींनी चाकांवर पाणी घातलं. मोडनिंबला कासीमभाईला फेटा बांधला. प्रत्येक ठिकाणी खोबरं, साखर, चहा. मी खाली उतरून ओरडत होतो, "अहो, सूर्य चाललाय!" लोक सूर्याकडे बघायचे आणि मला खोबरं द्यायचे.

भोंगा नसल्याची मजाही लवकरच कळली. त्या वाटेवरच्या माणसांना आणि जनावरांना कासीमभाईचा भोंगा इतका अंगवळणी पडलेला की त्याशिवाय मोटार येते हेच त्यांच्या ध्यानात येईना. शेळ्या मधोमध बसलेल्या. एक म्हातारा रस्त्यावर बाजरी वाळत घालून तिच्यातच झोपला होता. प्रत्येक वेळी करकचून ब्रेक लागायचा आणि वत्सला दोन्ही हातांनी पुढची पट्टी धरायची. तिचा ओठ दाताखाली. बाकीचे उतारू खिडक्यांतून "होऽऽ, सरका होऽऽ" करून ओरडायचे. आधी त्यांना गंमत वाटत होती. मोहोळच्या आसपास सगळ्यांचे घसे बसले.

तेव्हा फेटेवाल्याच्या डोक्यात कल्पना आली. वत्सलाच्या सामानात सासूबाईंनी दिलेली एक मोठी पितळी होती. ती त्याने मागून घेतली आणि पळीने बडवायला सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. त्या तालावर मागच्या बाकावरच्या दोघांनी देवीचा उदो उदो सुरू केला, म्हणजे ओरडण्याला जरा सूर आला. मीही गप्प बसलो. काहीतरी आवाज होतोय ना, होऊ दे. त्यातून पुढे काय निघणार आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

वाटेत एका गावी हवालदार दिसला. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. त्याची नोकरी जावी असं मला वाटतं, पण तरी लिहीत नाही. मी मोटार थांबवून त्याला खाली वाकून ओरडून सांगितलं, की हिला दिवे नाहीत, भोंगा नाही, आणि आता अंधार पडतोय. हिला पुढे जाऊ देऊ नका. त्याने पुढून फिरून पाहिलं. मग अंगावरचा सदरा झटकून म्हणाला, "खरं हाय तुमचं. पर मी तरी काय करू? आज आमची बी दंडुकी पूजेला हाय."

खंडेनवमीला दंडुका पूजेला, म्हणून कायदाही पूजेला. मोटार सुटली.

लिंबांच्या सावलीत

मोहोळ मागे पडलं तेव्हा सूर्य बुडाला होता. "नवमी का चांद है साब, फिकर नक्को," कासीमभाई म्हणाला. चांद होता खरा. उघड्या माळावर रस्ता दुधासारखा दिसत होता. पण त्या रस्त्याला कडेने जुने लिंब आणि वड आहेत, आणि त्यांच्या खाली शिरलं की चांद असून नसल्यासारखा. शिवाय परतीच्या पावसाचे ढग आलेले. कधी दिसायचं, कधी नाही.

मी कासीमभाईला हळू, हळू म्हणत होतो. मागून पितळी बडवणं आणि उदो उदो चाललेलंच. एका झाडांच्या रांगेत आम्ही शिरलो आणि मला पुढे, अगदी पुढे, काहीतरी पांढरं दिसलं. दोन माणसं होती. रस्त्याच्या मधोमध उभी. पळत नव्हती, सरकत नव्हती. हात जोडून उभी होती.

मी किंचाळलो. कासीमभाईने मोटार डावीकडे ओढली. एका बाजूने कशाला तरी घासून कर्रर्र आवाज झाला, मग मोटार खड्ड्यात उतरली आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून थांबली. पितळी कुठेतरी खणखणत गेली. वत्सला माझ्या हातातून निसटून बाकाखाली गुडघ्यांवर पडली होती.

तिला मी उचलून खाली आणलं. ती ओरडली नाही, रडली नाही. झाडाच्या मुळाशी बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. "दादा, गप्प बस," म्हणाली. "सगळ्यांना गप्प बसव. मला कळू दे."

मी वळून सगळ्यांना गप्प केलं. कसं ते आठवत नाही, पण फेटेवालासुद्धा गप्प झाला. ती हातांनी पोट चाचपत होती, ऐकल्यासारखी मान वाकडी करून. आधी तर सकाळपासून ते सारखं हलत होतं, म्हणाली. आता हलेना. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो होतो आणि मला आईची घागर आठवत होती.

ती जी हात जोडून उभी होती, ते एक म्हातारं जोडपं होतं. त्यांची शेंगांची गाडी रस्त्यावर उभी होती; मोटार तिच्याच चाकाला घासली होती. म्हातारा माझ्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणाला, "आमाला वाटलं, आराधी चाल्ल्यात तुळजापूरला. पितळ वाजतंय, उदो उदो चाल्लाय. म्हनलं, आई आपल्या वाटंनं आली तर दर्सन घ्यावं. म्हून गाडी थांबवून उबं ऱ्हायलो की ओ. मोटार असती तर भोंगा न्हाय का वाजला असता?"

त्याचं काय चुकलं? नवरात्रात अंधाऱ्या रस्त्यावर देवीचा गजर ऐकू आला, तर आपल्या मुलखातला कोण माणूस बाजूला होईल? तो पुढेच येणार. भोंगा पूजेला बसवून आम्ही देवीच्या आवाजाने माणसांना मोटारीखाली बोलावत होतो.

म्हातारी वत्सलाजवळ बसली होती, तिची पाठ चोळत. बराच वेळ तसाच गेला. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग वत्सलाच्या तोंडातून एकदम श्वास सुटला.

"हललं," ती म्हणाली. "दादा, लाथ मारली." आणि मग मात्र ती मोठ्याने रडायला लागली, आमच्या आळीत पूर्वी रडायची तशी.

त्यानंतर मी कासीमभाईला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मोटारीचं फारसं मोडलं नव्हतं; उतारूंनी ती ढकलून वर काढली आणि "बसा, जाऊ हळूहळू" असं मला सांगायचा धीरही त्यांना झाला. वत्सला उठून उभी राहिली आणि म्हाताऱ्याच्या गाडीकडे चालू लागली. ज्या बैलगाडीचं आमच्या घरात कुणी नाव काढत नाही, तिच्यात ती आपणहून चढली. म्हातारीने शेंगा बाजूला सारून तिला जागा केली, म्हाताऱ्याने गाडीखाली कंदील टांगला आणि बैलांच्या पुढे स्वतः चालू लागला. जवळच त्यांची वस्ती होती. तिथे भाकरी खाऊन आम्ही झोपलो. सकाळी त्याच गाडीने, बैलांच्या पावलांनी, सोलापूरला आलो. आईने वत्सलाला बघितलं, मग गाडी बघितली, आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

दसरा

इथे हकिकत संपायला हवी होती. पण संध्याकाळी आमच्या आळीत भोंगा वाजला. नुसता नव्हे, लांबच लांब, सगळ्या पोराटोरांनी धावत यावं असा. घरात वत्सला अंथरुणावर पडली होती, तिचा हात पोटावर गेलेला मी पाहिला.

माणिकशेठची मोटार होती. कासीमभाई ती सकाळीच करकंबला घेऊन गेला होता, पूजा उतरली होती आणि मोटार परत उतारू घेऊन आली होती. माणिकशेठ स्वतः, जरीचा पटका बांधून, मुठीत आपट्याची पानं. दिवे आपल्या जागेवर होते, भोंगाही होता. फक्त दोन्ही दिव्यांच्या काचांवर झेंडूचे जाडजूड हार पडले होते.

"सोनं घ्या पाव्हणं, सोन्यावानी ऱ्हावा," ते म्हणाले. "कालचं समदं कानावर आलं. बगा, हत्यारं पूजेला बसली हुती म्हून निभावलं. कुनाला खरचटलं बी न्हाय! देव जागा हाय."

आळीतल्या माना हलल्या. खरं सांगतो, शेजारचे शिकलेसवरलेले लोक, तेही "खरंय, खरंय" म्हणाले. आणि तेवढ्यात आमची आईच, नातवंड वाचलं या आनंदात, निरांजन लावलेलं तबक घेऊन बाहेर आली आणि भोंग्याला ओवाळायला निघाली! मी दारातच उभा राहिलो. कुणावर ओरडू? माणिकशेठवर? आळीवर? आईवर?

वत्सला कधी उठून आली ते कळलं नाही. भिंतीला धरत, एक हात पोटावर ठेवून ती मोटारीच्या पुढे गेली. माणिकशेठना म्हणाली, "शेठ, काल हे दिवे कुठं होते?"

"चौरंगावर की, वैनी. फुलं वाहून, समई लावून."

"आणि मी कुठं होते?"

माणिकशेठ मुठीतली पानं सारखी करू लागले.

वत्सलाने एका दिव्यावरचा हार काढला, मग दुसऱ्यावरचा. दोन्ही हार तिने माणिकशेठच्या हातात, त्या सोन्यावरच ठेवले. "कासीमभाई, पेटवा."

"अब्बी तो उजाला है, ताई..."

"पेटवा."

त्याने पाणी सोडलं, काडी लावली. फुस्स करून उजेड पडला आणि आमची सगळी आळी पांढरी झाली. आई तबक घेऊन मधेच उभी होती. वत्सलाने तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. "आई, रस्त्यातून सरक. मोटारीतली माणसं सुखरूप घरी पोचली की त्यांच्या आया त्यांना ओवाळतील."

मोटार गेली. वळणापर्यंत दोन दिवे दिसत होते, आणि वळणावर कासीमभाईने भोंगा वाजवला. लांबून, एकदाच.